काटा खाली येऊ द्यायचा नाही

वरच्या मजल्यावर घंटा वाजली तेव्हा इंजिन सुरू होऊन जेमतेम तीन-चार मिनिटं झाली होती, आणि मला उठता येणार नव्हतं. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर, डोळे आरपीएमच्या काट्यावर, आणि काटा दोन हजाराच्या जरा वर थरथरत होता. तो तिथेच राहायला हवा होता. नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट बसवले की पहिली वीस मिनिटं इंजिन मंद होऊ द्यायचं नाही, बंद तर मुळीच पडू द्यायचं नाही. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते टॅपेटना, म्हणजे अंगठ्याएवढ्या पोलादी पेल्यांना, खालून ढकलतात, टॅपेट पुढे व्हॉल्व्ह उघडतात आणि गाडी श्वास घेते. नव्या उंचवट्याची नव्या टॅपेटशी अजून ओळख झालेली नसते. त्यांच्यापर्यंत तेल पोचतं ते खालून उडून, आणि उडतं ते इंजिन जोरात फिरत असेल तरच. वेग उतरला की कोरडं पोलाद कोरड्या पोलादाला खाऊ लागतं, आणि त्या पहिल्या वीस मिनिटांत जे खाल्लं गेलं ते पुढे कशानंच भरून येत नाही. हे सगळं मी सुनीतीला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे नव्या सुनेसारखंच की. सुरुवातीला बसलं ते बसलं.” सुनीती माझी बायको. मार्चपासून पुण्यात आहे, आमच्या जान्हवीकडे. आधी बाळंतपणासाठी म्हणून गेली, मग बाळासाठी म्हणून राहिली, आणि आता कशासाठी म्हणून राहिली आहे ते आम्ही दोघंही बोलत नाही.

घंटा पुन्हा वाजली. ही आमच्या देवघरातली पितळी घंटा. आई गेल्यापासून ती अण्णांच्या उशाशी असते, कारण देवाला हाक मारण्यापेक्षा मला हाक मारण्याची गरज त्यांना जास्त पडते. पाणी हवं, वाजव. पंखा कमी कर, वाजव. रेडिओवरचा माणूस चूक बोलला, ते मला सांगायचंय, वाजव. अण्णा म्हणजे भालचंद्र आगाशे, कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीतले निवृत्त इंजिनिअर, वय अठ्ठ्याऐंशी, गुडघे दोन्ही कामातून गेलेले, डोकं मात्र नको तितकं शाबूत. गेल्या हिवाळ्यापासून ते जिना उतरलेले नाहीत. दुपारी त्यांना झोप लागते आणि आया घरी जाऊन येते, म्हणून मी मुद्दाम ही वेळ धरली होती. त्यांना न सांगता इंजिन सुरू करायचं, वीस मिनिटं उरकायची आणि मग वर जाऊन साळसूदपणे सांगायचं की झालं. पण या घरात खाली पंधराशे सीसीच्या जवळ जाणारं जुनं इंग्रजी इंजिन गर्जत असताना वरचा माणूस झोपून राहील, असं मला का वाटलं असेल? मी चाळीस वर्षं मुलांना मशीन ड्रॉइंग शिकवलं. विचार करून गोष्टी करायचं शिक्षण मी दुसऱ्यांना दिलं.

गॅरेजचं दार उघडं होतं, पण दाराबाहेर गल्ली नव्हती, बांबू होते. दुर्गापूजा आठवड्यावर आली होती आणि पाड्यातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, पोरांनी या वर्षी मंडप थेट आमच्या दारापर्यंत आणला होता. उभे बांबू, आडवे बांबू, त्यांना बांधलेले काथ्याचे दोर, आणि मधल्या चौकोनांतून समोरच्या घराच्या हिरव्या खिडक्यांचे तुकडे. विसर्जन होईपर्यंत गाडी बाहेर निघणं शक्य नव्हतं. त्यात नव्या भागांना चोपडलेली काळी पेस्ट जळून निळा धूर निघत होता, तो बांबूंतून वाट काढत वर चढत होता. समोरच्या खिडकीतून देवयानी बौदींनी डोकं बाहेर काढलं, “ओ जयदा, एतो धोंया!” केवढा हा धूर! मी हात वर करून दिलगिरी दाखवली. त्या हसल्या, खिडकी लावून घेतली. समोरच्या घरात सून म्हणून आल्यापासून बौदींना, म्हणजे वहिनींना, मी जयदा आहे, जयदादा. पुण्यात मला कुणी जयदा म्हणणार नाही. तिथे मी जान्हवीचे बाबा असेन, किंवा ‘ते कलकत्त्याहून आलेले’.

गाडी आहे एमजीए, अठ्ठावन्न सालची, मुळात लाल. बराकपूरच्या बाजूला नदीकाठी एका ज्यूट मिलचा इंग्रज मॅनेजर होता, तो देश सोडून गेला तेव्हा अण्णांनी ती घेतली. दोन माणसांची गाडी. आम्ही घरात तिघं. त्यामुळे माझं बालपण सीटच्या मागच्या फळीवर, आईच्या अंबाड्याकडे बघत गेलं. ऐंशीच्या दशकात तिचा मूळ कॅमशाफ्ट झिजला. तेव्हा इंग्लंडहून भाग मागवणं आपल्याच्यानं होण्यासारखं नव्हतं, पण अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन आणि हिचं इंजिन एकाच घराण्यातलं, चुलत बहिणीच म्हणा ना. अण्णांनी मलिक बाजारातल्या एका दुकानातून नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट आणले, गोदीतल्या दोन माणसांना बरोबर घेऊन याच गॅरेजात स्वतः बसवले. आणि गाडी सुरू झाली, आणि काही आठवड्यांत टिकटिक करायला लागली. शिलाई मशीनसारखी बारीक, न थांबणारी टिकटिक. मग चढावर दम लागायला लागला. कार्ब्युरेटरमधून उलटे फटाके वाजायला लागले. “डुप्लिकेट माल दिलान मेल्यानं,” असं आई म्हणायची. त्या दुकानदाराला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण मरेपर्यंत त्याचा उद्धार करत राहिली. अण्णा काही बोलायचे नाहीत. त्या टिकटिकीसकट गाडी अजून काही वर्षं चालली. लग्नानंतर मी सुनीतीला तिच्यातूनच गंगेच्या काठाकाठानं बराकपूरला नेलं, आणि परत येताना सुनीती म्हणाली होती, “तुमची गाडी सतत काहीतरी मोजतेय.” पुढे एका पावसाळ्यात ती इथे येऊन उभी राहिली, ती राहिलीच.

घंटा आता सारखी वाजत होती. एकदा वाजून थांबणारी नेहमीची घंटा नव्हती ती. थोडा वेळ वाजे, थांबे, मग पुन्हा. काट्यावरची नजर न हलवता मी कान वर लावायचा प्रयत्न केला, पण इंजिनाच्या आवाजात काहीच नीट लागेना. त्यातून एक विमान घरावरून खाली उतरत गेलं. डमडममध्ये विमानतळाजवळ राहणाऱ्याला विमानं ऐकू येत नाहीत असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, पण मार्चपासून मला प्रत्येक विमान ऐकू येतं. ते गेल्यावर घंटा नव्हती. तिचं नसणं असण्यापेक्षा वाईट होतं. पडले असतील का? पलंगावरून उतरताना वॉकर सरकला असेल. पाय काढावा आणि धावावं. पण पाय काढला की काटा खाली, काटा खाली की कॅमशाफ्ट गेला, कॅमशाफ्ट गेला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि सुनीतीला काय सांगणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पाय तसाच ठेवला. पोटरीत गोळा आला होता, टाच जमिनीवरून उचलली गेली होती.

इथे मी खरं काय ते सांगितलं पाहिजे, कारण त्या खुर्चीएवढ्या सीटमध्ये अडकून बसलेल्या माणसाला खोटं बोलायला फारशी जागा नसते. माझ्या मनात आलं की अण्णा पडले असतील, आणि त्या विचाराच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की मग मी मोकळा. आमचं जाणं कशावर अडलंय ते, सुनीती जायला निघाली त्या दिवशी, अण्णांनी स्वतःच सांगितलं होतं. ती दारात बॅग घेऊन उभी होती, टॅक्सी खाली आली होती, आणि ती मला म्हणाली, “तीस वर्षं मी तुझ्या शहरात काढली. माझ्या वडिलांची इथे बदली झाली म्हणून आले, तुझ्याशी लग्न केलं म्हणून राहिले. आता उरलेली वर्षं माझ्या गावात काढू दे. अण्णांनाही घेऊन ये. तळमजल्यावरच घर बघितलंय, जिना नाही.” मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, “येऊ की. गाडी एकदा चालू झाली की निघू. तिला अशी मेलेली टाकून नाही जायचं मला.” सुनीतीनं मान हलवली आणि गेली. ती काही दुधखुळी नाही. महिन्याभरात इंग्लंडहून एक लांबट जड खोकं आलं. जान्हवीकडून मागवून घेऊन तिनं ते थेट इथल्या पत्त्यावर पाठवलं होतं. आत मेणकापडात गुंडाळलेला कॅमशाफ्ट आणि आठ टॅपेट. फोनवर म्हणाली, “घे. आता दसऱ्याच्या आत संपव.” मी हसलो. मला वाटलं मी आनंदानं हसतोय.

ते खोकं दोन महिने मी उघडलं नाही. मग उघडलं, आणि हळूहळू, एकेक बोल्ट दिवसाला, इंजिन बाहेर काढलं. पाड्यातल्या गॅरेजचा एक मिस्त्री आणि त्याची चेन पुली होती मदतीला, बाकी मीच. जुना कॅमशाफ्ट बाहेर आला तेव्हा मी तो खिडकीशी नेऊन बघितला. अंड्यांची टोकं गेली होती. दोन-तीन तर पार गोल झाली होती. टॅपेटांचे तळ खरवडून खड्डे पडलेले. मी त्यावर बोट फिरवत बराच वेळ उभा होतो. डुप्लिकेट माल असा झिजत नाही. मऊ पोलाद सगळीकडून सारखं झिजतं. हे त्या पहिल्या काही मिनिटांत झालेलं होतं, नव्याचं नव्याशी न जुळल्यामुळे. मला तो दिवस आठवला. खंडेनवमी होती. आईनं सकाळपासून तयारी केली होती. गाडीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. मी नारळ घेऊन उभा होतो. तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि नारळ घेऊन उभं राहायची मला लाज वाटत होती. अण्णांनी इंजिन सुरू केलं, ते गर्जलं, गोदीतली माणसं हसली. आई ताट घेऊन पुढे आली. बॉनेट उघडं होतं, पंख्याचा वारा तिच्या अंगावर येत होता, आणि ताटातलं निरांजन विझू विझू करत होतं. “अहो, जरा हळू करा,” ती म्हणाली. “निरांजन विझतंय.” अण्णांनी पाय उचलला. इंजिन मंद झालं, शांत झालं. आईनं ओवाळलं. सावकाश, चारी चाकांना, मग बॉनेटला, मग स्टिअरिंगला, मग अण्णांना, मग गोदीतल्या माणसांना, मग मला. नारळ पहिल्या फटक्याला फुटेना. मग पेढे. इंजिन आपलं मंद चालू. अशुभ नको म्हणून कुणी ते बंद केलं नाही.

म्हणजे त्या दुकानदाराचा काही दोष नव्हता. आमच्या घरात, आमच्या पद्धतीनं, एका निरांजनासाठी ते पोलाद खाल्लं गेलं होतं. मी हे अण्णांना सांगितलं नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या दिव्यानं त्यांची गाडी मारली, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणूनच मी आज चोरून सुरू केली. त्यांना कळलं तर ते म्हणणार, थांब, आधी नारळ आण, निदान उदबत्ती तरी. आणि मला नाही म्हणता येणार नाही. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही, ही माझी जुनी तऱ्हा आहे. लोक त्याला चांगुलपणा म्हणतात. सुनीती त्याला दुसरं काहीतरी म्हणते.

पुन्हा घंटा. या वेळी ती जवळ वाजल्यासारखी वाटली. भीतीनं कान तीक्ष्ण होतात म्हणतात, तसं काही असेल. टण, मग थोडं थांबून टण, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. मी तेलाच्या दाबाचा काटा बघितला, पाण्याचा बघितला. सगळं ठीक. आणि ते बघताना माझा हात सहज शर्टाच्या खिशाशी गेला, तर खिशात स्क्रूड्रायव्हर. सकाळपासून होता. कार्ब्युरेटरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की थ्रॉटल तेवढा उघडा राहतो आणि इंजिन आपलं आपण दोन हजारावर चालत राहतं. पाय ठेवायची गरजच नसते. जगातले सगळे लोक हे असंच करतात. ज्या व्हिडिओवरून मी हे शिकलो त्यात एक म्हातारा इंग्रज स्क्रू फिरवून खुशाल चहा पीत उभा असतो. मला हे माहीत होतं. सकाळी मी तो स्क्रूड्रायव्हर त्याच कामासाठी खिशात टाकला होता. मग मी इथे येऊन बसलो आणि पेडलवर पाय ठेवला. का? पायाला इंजिन जाणवतं म्हणून, असं मी मनाशी म्हटलं असणार. पण पायाखाली काही धरून ठेवलं की उठायचा प्रश्न मिटतो. वरची घंटा असो, पुण्याचा फोन असो, आलेल्या प्रत्येकाला सांगता येतं की बघा, माझा पाय अडकलाय. आता तरी मी उठू शकत होतो. पाय काढून बॉनेटपर्यंत दोन पावलं, क्षणभर काटा खाली आला तरी फार बिघडलं नसतं. मी उठलो नाही. स्क्रूड्रायव्हर खिशात, माणूस वर पडलेला असण्याची शक्यता, आणि मी काट्याकडे बघत बसलो. मला स्वतःची किळस आली, आणि तरी मी बसलो.

घराच्या आतून गॅरेजमध्ये येणारं एक बुटकं दार आहे. ते हललं. आधी घंटा दिसली, मग घंटा धरलेला हात, मग अण्णा. ते जमिनीवर बसलेले होते. जिना ते बसून उतरले होते, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तसे, आणि हात प्रत्येक पायरीवर टेकताना घंटा वाजत होती. लेंगा मागून धुळीनं काळा झाला होता. चौकटीला धरून ते उभे राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, केस उभे होते, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली घाई होती. आता म्हणणार नारळ, असं मला वाटलं. मी मनात वाक्य जुळवायला लागलो.

“किती ठेवलायस?” त्यांनी ओरडून विचारलं.

“दोन हजाराच्या वर.”

“खाली आणू नकोस. कुणी काही म्हणालं तरी खाली आणू नकोस. तेच सांगायला बोलावत होतो, तर तू ऐकेनास.”

ते मडगार्डला धरत धरत पुढे आले. मी नुसता बघत होतो. त्यांनी बॉनेटच्या कडेशी वाकून कान लावला, आणि त्यांचे डोळे मिटले. मग उघडले, आणि माझ्या खिशाकडे गेले.

“स्क्रू का नाही फिरवलास?”

“विसरलो.”

“काखेत कळसा,” अण्णा म्हणाले, पुढचं म्हटलं नाही. हात पुढे केला. मी स्क्रूड्रायव्हर दिला. त्यांचे हात चमचा धरतानाही थरथरतात, पण स्क्रूला टेकल्यावर स्थिर झाले. इंजिनाचा आवाज किंचित चढला, मग माझ्या पायाखालचं पेडल सैल झालं, रिकामं झालं. “काढ पाय,” ते म्हणाले. मी काढला. काटा हलला नाही. पाय मात्र तसाच वाकडा राहिला. तो सरळ करायला मला दोन्ही हात लागले.

मी गाडीतून उतरून त्यांच्याजवळ गेलो. स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. बाहेर कुणीतरी बांबूवर चढून खिळा ठोकत होतं. मी विचारलं, “अण्णा, तुम्हाला माहीत होतं?”

“काय?”

“निरांजनाचं.”

ते इंजिनाकडेच बघत राहिले. “इंजिनिअर होतो रे मी. पाय उचलला त्याच क्षणी माहीत होतं. तिचं ओवाळून होईल तेवढ्या वेळात ते संपणार, हेही माहीत होतं. पण तिनं पहाटे उठून माळा केल्या होत्या. आणि ते निरांजन खरंच विझत होतं.”

“मग मलिक बाजारचा तो माणूस?”

“तो बिचारा चांगला होता. मी नंतर एकदा त्याच्याकडे जाऊन चहा पिऊन आलो. पण तिला काय सांगणार? तुझ्या ओवाळण्यानं इंजिन गेलं? मग ती पुढे कधी ओवाळती का? गाडी उभी राहिली तर राहिली.” त्यांनी मडगार्डवरची धूळ बोटानं पुसली. “दुरुस्त करायला काढली असती, तर का गेलं ते सांगावं लागलं असतं.”

मी इतके दिवस जे त्यांच्यापासून लपवत होतो ते त्यांनी आईपासून ती जाईपर्यंत लपवलं होतं. मला त्यांच्याबद्दल एकदम माया दाटून आली, आणि ती पुरती येण्याआधी दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली.

“म्हणजे ही कधी चालू होणार नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.”

“हो.”

“आणि सुनीतीला म्हणालात, गाडी चालू झाली की निघू.”

“म्हणालो.” अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “ती दारात उभी होती आणि तू चपलांकडे बघत होतास, जयू. तुला हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, म्हाताऱ्यावर ढकलता येईल. मी आपलं निमित्त दिलं तुला. मला काय रे, मला पुणं काय नि डमडम काय. छताकडेच बघायचंय. जिना नसला तर बरंच आहे की.”

मला राग आला. इतका राग मला त्यांचा आयुष्यात आला नव्हता. मार्चपासून मी त्यांना मनात किती बोललो होतो. हा हट्टी म्हातारा, याची गाडी, याची घंटा, यानं मला बांधून ठेवलं. बायकोला फोनवर सांगत होतो, अण्णांचं तू जाणतेसच. आणि हा माणूस सात महिने वर पडून माझ्यासाठी हट्टी म्हातारा झाला होता, माझ्या वाटचा हट्ट स्वतःच्या नावावर घेऊन. मी म्हणालो, “मला जायचं नाही असं मी कधी म्हटलं?” माझा आवाज चिरका निघाला.  अण्णांनी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या खिशाकडे. 

मग आम्ही दोघं गाडीशेजारी उभे राहिलो. धूर विरळ झाला होता. इंजिन तापून एकसारखं चालत होतं, आणि सबंध गॅरेज, पत्र्याचे डबे, भिंतीवरची पान्यांची रांग, आईच्या काळातली फुटकी कुंडी, सगळं बारीक थरथरत होतं. बांबूंवर खिळे ठोकणारा माणूस खाली वाकून आमच्याकडे बघून गेला. मला वाटत होतं ही वीस मिनिटं संपू नयेत. संपली की काटा खाली येणार, गाडी बरी झालेली असणार, अण्णा यायला तयार, तळमजल्यावरचं घर तयार, आणि मग या सगळ्यात तयार नसलेला मी एकटाच उरणार. मी कशाला घाबरतो ते मला नीट सांगता येत नाही. पुण्यात मी कितीदा राहून आलोय. सगळे आपले, सगळीकडे मराठी पाट्या, आणि रस्त्यावर कुणी भांडलं तरी मला शब्द न् शब्द समजतो. जान्हवी इथे वाढलेली, अजून रागावली की बंगालीत रागावते, ती तिथे रुळली. मीच तिथे दोन दिवसांनी घड्याळ बघायला लागतो. हे सुनीतीला सांगायला हवं होतं, लग्नाच्या वेळी नाही तर निदान मार्चमध्ये, दारात. मी तिच्यापुढे अण्णा ठेवले. अण्णांनी गाडी ठेवली. आणि ती भाबडेपणानं नाही, चांगली समजून उमजून, गाडीच दुरुस्त करायला निघाली.

“झाली वीस,” अण्णा म्हणाले. त्यांना घड्याळ लागलं नाही. वाकून त्यांनी स्क्रू उलटा फिरवला. गर्जना उतरत गेली, उतरत गेली, आणि मी श्वास रोखून ऐकत होतो ती टिकटिक आली नाही. नुसती मऊ घरघर, अधूनमधून एक्झॉस्टचा हलका ठोका. माझ्या तरुणपणापासून जी गाडी सतत काहीतरी मोजत होती, तिनं मोजणं थांबवलं होतं. अण्णांनी बॉनेटवर तळवा ठेवला. डोळे भरून आले त्यांचे, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

फोन वाजला. सुनीतीचा. सकाळी मी तिला सांगितलं होतं, आज दुपारी सुरू करतोय.

“झालं?” तिनं विचारलं. मागे बाळ कुरकुरत होतं.

मी तोंड उघडलं. अण्णा मडगार्डला टेकून उभे होते. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदा बघितलं असावं, कारण मान खाली घालून, फक्त मला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, “पाचशे मैलांनी टॅपेट पुन्हा तपासावे लागतात.”

हे खरं होतं. सगळी पुस्तकं तसंच सांगतात. दाराबाहेर विसर्जनापर्यंत बांबू होते, आणि नंतर ही गाडी फार तर रविवारी पहाटे मैदानापर्यंत जाऊन येणार. पाचशे मैल म्हणजे वर्ष गेलं असतं. मला अण्णांना सांगावंसं वाटलं की पुरे आता, मला निमित्त देऊ नका.

“अजून थोडं राहिलंय,” मी सुनीतीला म्हणालो. “पाचशे मैल चालवून टॅपेट पुन्हा तपासावे लागतात.”

 बाळाला तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतलं असावं, कुरकुर जवळ आली आणि थांबली.

“आवाज येतोय मला,” ती म्हणाली. “छान चाललीय रे.”

“हो.”

“टिकटिक गेली.”

“गेली.”

“बरं,” सुनीती म्हणाली, आणि फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. अण्णा जागचे हलले नाहीत. किल्ली माझ्या हाताशी होती, ती कुणी फिरवली नाही, आणि इंजिन अगदी व्यवस्थित चालत राहिलं.